दाखवल्याची खूण

काकांच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर देवाचा नाही, एका मशीनचा फोटो दिसायचा. सोलापूरच्या कुठल्याशा गिरणीत नवं यंत्र बसलं तेव्हाचा. यंत्राला हार, शेजारी उभ्या चार साहेबांना हार, आणि अगदी डाव्या कडेला चौकटीत अर्धवट आलेला, बाही दुमडलेला एक कोपर. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला काका चहाच्या आधी त्या फोटोपाशी उभं करायचे आणि कोपरावर बोट ठेवून सांगायचे, "हे आमचे वडील. मशीन यांनी बसवलं." पाहुण्याला वाटायचं, विनोद आहे. तो हसायचा. काका हसायचे नाहीत. मग पाहुणा मुकाट्याने सोफ्यावर जाऊन बसायचा आणि काकू चहा आणायच्या.

मीही हसलो होतो. माझ्या हसण्याचा या गोष्टीशी पुढे संबंध यायचा आहे.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. सॅन होजेला एका कोरियन कंपनीचं अमेरिकेतलं ऑफिस होतं, त्याच्या प्रसिद्धी विभागात मी होतो. नागपूरहून इंजिनीअर होऊन आलेला माणूस जाहिरातीत कसा शिरला म्हणाल, तर व्हिसा संपत आला होता आणि दुसरं कुणी घेत नव्हतं, एवढंच. अमेरिकन माणसाला तेव्हा कोरियन वस्तू म्हणजे जपान्यांची स्वस्त नक्कल वाटायची. ते मत बदलायचं काम आमच्या खात्याकडे होतं. दर महिन्याला मासिकांत एक पूर्ण पान घ्यायचं, वर मोठा फोटो, त्याखाली सात-आठ ओळींची खरी गोष्ट आणि तळाला कंपनीचं चिन्ह. आमचा माल घ्या असं कुठेही म्हणायचं नाही. तो माल ज्यांच्या डोक्यातून आणि हातांतून निघाला ती माणसं दाखवायची. गोष्ट मी लिहायची आणि फोटो काका काढणार, कॉन्ट्रॅक्टवर.

काका तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. साठच्या दशकात टेक्स्टाइल शिकायला आले आणि ते सोडून फोटोग्राफीत गेले. महाराष्ट्र मंडळात त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना काकाच म्हणायची. गाडीत पुढच्या सीटवर कॅमेऱ्याची पेटी बेल्ट लावून बसायची आणि आम्ही मागे. एकदा मी पुढे बसायला गेलो तर म्हणाले, "अरे, ब्रेक लागला तर तू स्वतःला सावरशील. ती कशी सावरेल?"

कंपनीने मायक्रोवेव्हचा फोटो मागितला तेव्हा त्यांनी तो ओव्हन पंधरा दिवस घरी नेऊन ठेवला. न वापरलेल्या वस्तूचा फोटो काढणं त्यांना न भेटलेल्या माणसाची स्तुती करण्यासारखं वाटायचं. काकूंनी त्यात पापड भाजले, दूध तापवलं, ते उतू घालवलं. सोळाव्या दिवशी फोटो आला, त्यात ओव्हन अर्धाच होता आणि काकू हातात पापड धरून त्याच्याकडे संशयाने बघत होत्या. दारावर बोटांचे ठसे जसेच्या तसे. असे फोटो काढणारे इतर लोक पांढरे हातमोजे घालून वस्तू पुसून लख्ख करतात. काका म्हणायचे, पुसायची कशाला, हात लागल्याशिवाय झाली का ती? मी घाबरत घाबरत तो फोटो वर पाठवला. लोकांना तो इतका आवडला की काकूंना मंडळात आठ महिने पापडावरून चिडवत होते. त्यातलं थोडं श्रेय मीही खिशात घातलं, कारण खालच्या ओळी माझ्या होत्या.

पण काकांचा खरा हट्ट वेगळाच होता. त्यांच्या खिशात निळ्या पुठ्ठ्याची एक वही असायची. फोटो काढून झाला की ती पुढे करून म्हणायचे, नाव लिहा, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या लिपीत. कोरियन माणूस कोरियनमध्ये लिहायचा, आमच्यातला कुणी असला तर मराठीत. मग काका घरच्या बाथरूममध्ये प्रिंट धुवायचे आणि तो घेऊन जातीने त्या माणसाकडे जायचे. त्याने बघून मान हलवली की वहीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करायचे. खूण झाल्याशिवाय फोटो आम्हाला द्यायचे नाहीत. आधी दाखवायचं, मग छापायचं. कंपनीच्या वकिलाने त्या माणसांच्या सह्या आधीच घेतलेल्या असत, त्यामुळे कुणालाही याची गरज नव्हती. एकदा एक टेक्निशियन टेक्सासला बदलून गेला, तर काकांनी पोस्टाने प्रिंट पाठवला आणि त्याचा फोन येईपर्यंत पान अडवून धरलं. त्या महिन्यात पान गेलंच नाही. बोलणी मी खाल्ली.

मंडळाच्या गणपतीत त्यांना ग्रुप फोटो काढायला सांगण्याची चूक एकाच वर्षी झाली. सत्तर माणसं उभी राहिल्यावर त्यांनी विचारलं, स्वयंपाकघरात कोण आहे? तिथे तीन बायका मोदक वाफवत होत्या. गॅस बंद करून त्यांना आणलं, मग सत्तर अधिक तीन जणांनी वहीत नावं लिहिली आणि आरती पाऊण तास लांबली. मोदक फुटले. अध्यक्षांनी त्यांच्याशी दोन वर्षं अबोला धरला, याचा काकांना पत्ताही नव्हता.

हे सगळं मी गमतीने सांगतोय खरा, पण तेव्हा मला त्यांचा मनापासून राग यायचा. ज्यांना गमावण्यासारखं काही नसतं त्यांना तत्त्वं परवडतात, असं मी बायकोला म्हणायचो. काकांचं घर स्वतःचं होतं, ते कधीच नागरिक झालेले होते. माझी ग्रीन कार्डाची फाइल कंपनीच्या वकिलाकडे पडून होती आणि तिच्यावर मॅनेजरची एक सही व्हायची होती. बायको फार्मसी शिकलेली, पण तिला काम करायची परवानगी नव्हती. चार वर्षं ती अपार्टमेंटमध्ये बसून होती. संध्याकाळी मी घरी आलो की ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायची.

अशात चिपचं पान आलं. कंपनीने मेमरी चिप बनवली होती आणि ते सगळ्यांत मोठं पान होणार होतं. फ्रीमाँटला कंपनीचं डिझाइन सेंटर होतं, तिथे चिपचा नकाशा भल्यामोठ्या कागदावर रंगीत रेषांत छापून जमिनीवर पसरत आणि चूक शोधत. पहिल्या चिप चालत नव्हत्या. एक कोरियन इंजिनीअर, तिशीची, बारीक चणीची बाई, अकरा दिवस पायांत नुसते मोजे घालून त्या कागदावर गुडघ्यांवर रांगत होती. अकराव्या दिवशी तिला दोन रेषा सापडल्या ज्या एकमेकींना चिकटायला नको होत्या.

काकांनी तिला आणि कंपनीच्या कोरियन डायरेक्टरांना पुन्हा त्या कागदावर यायला सांगितलं. काका तो फोटो काढत होते तेव्हा मी तिथेच होतो. ती डावीकडे, गुडघ्यांवर, केसांत लाल पेन्सिल खोचलेली, बोट त्या दोन रेषांवर. उजवीकडे डायरेक्टर, बूट काढून मोज्यांवर उभे, वाकून तिच्या बोटाकडे बघताहेत. साठीचा माणूस, चेहऱ्यावर शाळेतल्या मुलासारखं कुतूहल. ती अजिबात हसत नव्हती. काका परतताना गाडी चालवत एवढंच म्हणाले, "हा झाला रे." असं ते कधी म्हणत नसत.

आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांची पाठ धरली. मणका सरकला, डॉक्टरांनी पंधरा दिवस गादीवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. प्रिंट त्यांनी त्याआधीच धुतला होता. मला घरी बोलावलं, लिफाफा दिला आणि म्हणाले की आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती देतोय. आणखी एक गोष्ट सांगितली. जाहिरातीखाली ते स्वतःचं नाव कधी येऊ द्यायचे नाहीत. या वेळी म्हणाले, "याच्याखाली माझं नाव घाल. पण तिला दाखव आधी."

मी लिफाफा घेतला. जाताना भिंतीवरचा कोपर दिसला.

ऑफिसला द्यायचा दुसरा प्रिंट मी तिला दाखवायच्या आधीच टेबलावर नेऊन ठेवला. आमचा मॅनेजर अमेरिकन, गोड बोलणारा, कुणालाही थेट काही न सांगणारा. म्हणाला, फोटो सुंदर आहे, पण बाई जमिनीवर गुडघे टेकून आहे, आपल्या वाचकाला ते कसं वाटेल कोण जाणे. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "तुम्ही लोक एकमेकांना जास्त ओळखता. डायरेक्टरना काय आवडेल?"

तुम्ही लोक. नागपूर कुठे, सोल कुठे. मी कोरियाचं विमानतळसुद्धा बघितलेलं नव्हतं. पण मला विचारलं गेलं याने माझी छाती फुगली. मला आपल्याकडची ऑफिसं माहीत होती. उद्घाटनाच्या फोटोत साहेब एकटा आला की खूश, शेजारी कारकून आला की आठवडाभर तोंड वाकडं. डायरेक्टरही साहेबच. मी ठामपणे सांगितलं, एकटे असलेले आवडतील. मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, तू बघ काय ते.

मी बघितलं. फोटो डावीकडून कापायला लावला. गोष्ट पुन्हा लिहिली, त्यात अकरा दिवस ठेवले, रांगणं काढलं, आणि चूक शोधणारी नजर डायरेक्टरांची केली. खोटं एकही वाक्य नव्हतं, फक्त वाक्यांतून माणूस गेला होता. रिटच करणाऱ्या माणसाचा फोन आला की कडेला त्या बाईचा कोपर राहतोय, राहू दे का? मी म्हटलं, नाही. कोपर अजिबात राहता कामा नये. जगात ज्या थोड्या माणसांना कोपराची किंमत माहीत होती त्यांतला मी एक होतो.

फ्रीमाँट ऑफिसपासून वीस मिनिटांवर. लिफाफा घेऊन गेलो असतो आणि पूर्ण फोटो तिला दाखवला असता, तर ती विचारणार की हाच छापणार ना? म्हणून गेलो नाही. लिफाफा गाडीच्या डिकीत, स्पेअर टायरच्या बाजूला ठेवून दिला. आठवड्याने काकांचा अंथरुणातून फोन आला.

"दाखवलास?"

"हो काका."

"काय म्हणाली?"

"काही नाही. हसली."

 मग म्हणाले, "हसली? बरं वाटलं ऐकून. ती हसत नाही रे सहसा." मागून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. काका खूण करत असणार.

मॅनेजरने माझ्या फाइलवर त्याच आठवड्यात सही केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही. नसेल तर ते जास्त वाईट आहे.

पान छापून आलं. डायरेक्टर एकटेच कागदावर उभे, वाकून कशाकडे तरी बघताहेत आणि तिथे काहीच नाही. खाली बारीक अक्षरांत काकांचं नाव. मीटिंगमध्ये डायरेक्टरांनी ते पान बराच वेळ हातात धरलं. मग त्यांनी विचारलं, ती कुठे आहे? मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. जागा कमी पडली, असं मी सांगितलं. पूर्ण पानाच्या जाहिरातीत जागा कमी पडली. डायरेक्टरांनी पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि पुढचा विषय घेतला. त्यांनी ते मागितलंच नव्हतं. कुणीच मागितलं नव्हतं. साहेबाला एकटं दाखवलं की बक्षीस मिळतं, ही कल्पना मीच नागपूरहून बरोबर आणली होती.

काकांचा फोन आला नाही. मी चार दिवस प्रत्येक घंटीला दचकत होतो. पाचव्या दिवशी ती बाई कामासाठी आमच्या ऑफिसात आली आणि कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर थांबली. इंग्रजी ती फार जपून, एकेक शब्द निवडून बोलायची. म्हणाली की तुमचे फोटोग्राफर फ्रीमाँटला आले होते. पाठीला पट्टा बांधलेला होता, त्यांना बसता येत नव्हतं. उभ्यानेच अर्धा तास माफी मागत होते. तिने त्यांना सांगितलं होतं, मला फोटोचं काही नाही, चिप चालली, बस झालं. मग तिने मला विचारलं, "मी हसले, असं तुम्ही त्यांना सांगितलंत?"

मी हो म्हणालो की नाही ते आठवत नाही. तिने मान हलवली आणि निघून गेली. काका ज्या मान हलवण्यासाठी मैलोन्‌मैल गाडी हाकायचे, ती ही नव्हती.

काकांनी कंपनीला पत्र लिहिलं नाही, भांडले नाहीत. उरलेल्या कोऱ्या फिल्म खोक्यात भरून परत पाठवल्या आणि काम थांबवलं. त्यांच्या जागी पांढऱ्या हातमोज्यांवाला एक जण आला. फोटो लख्ख यायला लागले आणि वेळेवर यायला लागले. मला बढती मिळाली.

काकांनी मग एका इंडियन ग्रोसरीच्या शेजारी दीड खोलीचं दुकान घेतलं आणि पासपोर्टचे फोटो काढायला बसले. मंडळातले लोक हळहळले, एवढा मोठा आर्टिस्ट आणि बघा. का ते कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही हे मला कळत होतं, कारण लोक अजून माझ्याशी नीट बोलत होते. मी ग्रोसरी बदलली. डाळ-तांदळासाठी दोन वर्षं उलट्या बाजूला जायचो आणि बायकोला सांगायचो की तिकडे पार्किंग मिळत नाही.

शेवटी कार्डाचं बोलावणं आलं. त्या काळी ग्रीन कार्डाच्या फोटोचा एक चमत्कारिक नियम होता. चेहरा तिरका हवा आणि उजवा कान पूर्ण दिसायला हवा. बायको म्हणाली, "काकांकडेच जा ना. बाहेरचे लोक कान चुकवतात, मग सगळं कॅन्सल होतं. आणि ते आपले ओळखीचे आहेत." मी नाही म्हणायला कारण शोधलं, सापडलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांच्या शिव्या खायच्या होत्या. शिव्या खाल्ल्या की हिशेब मिटतो, असा माझा समज.

दुकानात दोन-तीन माणसं बसली होती. काका वाकून चालत होते, पट्टा शर्टाखालून दिसत होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "या. बसा." आठ वर्षांत त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. स्टुलावर बसवलं, हनुवटीला बोट लावून चेहरा वळवला. "केस मागे घ्या. कान दिसू द्या." फ्लॅश उडाला. कागद वाळेपर्यंत मी स्टुलावरच बसून राहिलो. मग त्यांनी तो फोटो माझ्यापुढे धरला.

"बघून घ्या. पटला तर न्या."

मी बघितला. चांगला आला होता, कान अगदी स्वच्छ. मी मान हलवली. त्यांनी खिशातून वही काढली, तीच, निळ्या पुठ्ठ्याची. पासपोर्टच्या फोटोलाही वही. नाव लिहायला माझ्या हातात दिली आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी पानं मागे उलटली. तिचं नाव सापडायला वेळ लागला नाही, कोरियन अक्षरांत, बारीक, सरळ. पुढे बरोबरची खूण तशीच होती.

"काका," मी म्हटलं, "ही खोडली नाहीत तुम्ही."

त्यांनी वळून बघितलं. आवाज न चढवता, बसलेल्या लोकांना ऐकू जाणार नाही इतपत बोलले. "ती मी तुझ्या शब्दावर केलीय. मी कशी खोडू? फोटो तुझ्याकडे आहे ना अजून?"

"आहे."

"मग जा, दाखवून ये. ती तिथेच काम करते. खोडावी लागणार नाही."

लिफाफा बाहेर पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या डिकीत होता, जिथे ठेवला होता तिथेच. फ्रीमाँट तिथून पंधरा मिनिटं. मी वहीत माझं नाव लिहिलं, मराठीत. काकांनी वही घेतली, माझा चेहरा एकदा बघितला आणि माझ्या नावापुढे खूण केली.

दुपारचे साडेतीन वाजले होते. वकिलाचं ऑफिस पाचला बंद होणार होतं आणि ते फ्रीमाँटच्या उलट्या दिशेला होतं. मी फ्रीवेला लागलो आणि स्वतःला सांगितलं, आज फोटो देऊन टाकू, उद्या नक्की जाऊ. पुढच्या वर्षी ती कोरियाला परत गेल्याचं ऐकलं, तोवर मला रोज एक उद्या होता.

कार्ड आलं. बायकोला नोकरी लागली, मुलं झाली, ती इंग्रजीत उत्तरं देतात. काका गेले, वही काकूंनी जपून ठेवलीय, मंडळातल्या कुणालाही दाखवतात. लोक कौतुकाने पानं चाळतात, केवढ्या लिप्या, केवढी माणसं, आणि प्रत्येकापुढे खूण. एकही राहिलेली नाही, असं काकू अभिमानाने सांगतात. मी शेजारी उभा असतो आणि मान हलवतो.